तूप नको म्हटलं की संपलं!

ठाण्यात जैन पावभाजी मिळते, जैन पिझ्झा मिळतो, उपवासाची मिसळसुद्धा मिळते. पण दूध-तूप न घालता जेवण द्या म्हटलं की गल्ल्यावरचे काका असे बघतात जणू मी त्यांची किडनी मागितली. 'अहो, प्युअर व्हेजच आहे आमच्याकडे!' काका, तो हिरवा ठिपका पनीरलाही लागतो हो. म्हणून तर २०२२ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, व्हीगन (दूध-तुपासकट प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या) पदार्थांसाठी वेगळे नियम केले, वेगळं चिन्ह दिलं. पण ते पाकिटावर. कढईवर कोण छापणार?

चीड याची येते की आपलं निम्मं जेवण मुळातच बिनदुधाचं. झुणका, भरली वांगी, वालाचं बिरडं, नारळाच्या दुधाची सोलकढी. सगळं दाण्याच्या कुटावर नि खोबऱ्यावर चाललेलं. माशी शिंकते ती ताट बाहेर येताना: भाकरीवर लोण्याचा गोळा, वरणावर तुपाची धार, आणि बजावून सांगूनही मिसळीवर दही. वर 'थोडंसंच आहे हो'!

मॉलमधल्या साखळी कॅफेत ओट मिल्कची कॉफी मिळते, जास्तीचे पैसे मोजून. नकोय मला ती. नौपाड्यात कुणी स्वतः चालवलेलं चार टेबलांचं हॉटेल हवंय. मॅपवर शोधावं तर तो वांद्र्याकडे बोट दाखवतो. म्हणजे जेवायला दादरला गाडी बदलायची? आणि इथे एखादं सापडलंच, तर मेनूत टोफू बर्गर. कुणी मागितलाय बर्गर? पिठलं करा ना, तेलाच्या फोडणीचं!