‘लपलेले व्हायरस शोधा’ म्हणणारा मेसेज: त्यातलं खोटं आणि त्यातला धोका

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘अँटीव्हायरसलाही न दिसणारे व्हायरस आणि स्पायवेअर घरच्या घरी शोधा, पाच मिनिटांत काढा, सर्वांना पाठवा.’ खाली सात कलमं, सोबत एक छोटी फाइल आणि शेवटी ‘तज्ज्ञां’चा मोबाइल नंबर. असले मेसेज मी एरवी वाचत नाही. पण साताऱ्याच्या मामांनी हा वाचून अमलातही आणला, आणि तोही सोसायटीचे हिशेब असलेल्या कॉम्प्युटरवर. म्हणून आता सविस्तर लिहितोय.

पहिलं कलम सगळ्यात हास्यास्पद, आणि माणूस घाबरतो ते तिथेच. विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा, रनच्या चौकटीत इंग्रजीत ‘प्रीफेच हिडन व्हायरस’ टाइप करा, एंटर मारा. समोर येईल ती लपलेल्या व्हायरसची यादी, सगळी डिलीट करा. मामांसमोर फायलींची भलीमोठी रांग उघडली आणि त्यांच्या पोटात गोळा आला. पण रनला त्यातला ‘प्रीफेच’ एवढाच शब्द कळतो. त्या नावाचं फोल्डर विंडोजचंच आहे, पुढच्या शब्दांना तिथे काही अर्थ नाही. मी मामांना फोनवरून ‘प्रीफेच पुरणपोळी’ टाइप करायला लावलं. तीच यादी उघडली.

मग एकेक फाइल वाचून घेतली. ‘विनवर्ड डॉट ईएक्सई’, मग आडवी रेघ, मग आठ अक्षरं-आकडे आणि शेवटी ‘पीएफ’. हे तर वर्ड, ज्यात मामा सभेची नोटीस टाइप करतात! ती आठ अक्षरं तो प्रोग्राम डिस्कवर कुठे आहे त्यावरून तयार होतात. 2001 साली आलेल्या ‘विंडोज एक्सपी’ या आवृत्तीपासून विंडोज अशा नोंदी ठेवतं: कोणता प्रोग्राम उघडताना कोणत्या फायली लागल्या, म्हणजे पुढच्या वेळी तो लवकर उघडेल. त्या डिलीट केल्या तर मोठं नुकसान होत नाही. प्रोग्राम उघडायला एकदा जरा वेळ लागतो आणि विंडोज नोंद पुन्हा तयार करतं. पण घाबरलेल्या माणसाला काय वाटतं? काढले तरी परत आले! आणि मग तो खालच्या नंबरवर फोन लावतो.

दुसरं कलम इव्हेंट व्ह्यूअरचं, म्हणजे विंडोज आपल्या चुका आणि इशारे नोंदवतं त्या वहीचं. ‘लाल खुणा मोजा, जितक्या खुणा तितके हल्ले.’ धडधाकट कॉम्प्युटरमध्येही अशा नोंदींचा ढीग असतो. ‘डिस्ट्रिब्युटेड कॉम 10016’ ही नोंद तर जवळपास प्रत्येक मशीनवर सापडते, आणि ती दुर्लक्षित करा असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. ही युक्ती जुनी आहे. ऑक्टोबर 2012 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा सहा टोळ्यांवरचे खटले जाहीर केले. फोन करायचा, मायक्रोसॉफ्टमधून किंवा अँटीव्हायरस कंपनीतून बोलतोय म्हणायचं, हाच इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावायचा आणि ‘सफाई’चे 49 ते 450 डॉलर घ्यायचे. बहुतेक टोळ्या भारतातून चालत होत्या, हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा गिऱ्हाईक अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाचं होतं. आता तीच पटकथा मराठीत आपल्या आई-वडिलांना पाठवली जातेय.

तिसरं: टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामच्या यादीत, ‘एसव्हीसी होस्ट’ अनेकदा दिसलं तर ते स्पायवेअर, फाइल शोधून उडवा. अजिबात उडवू नका. विंडोजच्या सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारी त्याची कामं, त्याच नावाखाली चालतात, आणि 2017 पासून पुरेशी मेमरी असलेल्या मशीनवर बहुतेक सेवांना स्वतंत्र जागा मिळते, म्हणून ते नाव डझनावारी दिसतं. शंका आलीच तर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ बघा. फाइल ‘सिस्टम 32’ फोल्डरच्या बाहेर असेल तरच चौकशी करायची.

सगळ्यात घातक चौथं कलम, डिफेंडर या विंडोजसोबतच येणाऱ्या अँटीव्हायरसबद्दलचं. ‘डिफेंडर हाच खरा हेर आहे, तो व्हायरस लपवतो. आधी टॅम्पर प्रोटेक्शन बंद करा, मग सोबतची फाइल डबल क्लिक करा.’ डिफेंडर सेटिंगमधून नुसता बंद केला तर थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. तो कायमचा झोपावा म्हणून ही फाइल रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, बदल करते, आणि तो बदल टॅम्पर प्रोटेक्शन अडवतं, म्हणून ते आधी बंद करायला सांगितलंय. अंधारात तीर मारणाऱ्याला हा क्रम सुचत नाही. कॉम्प्युटरमध्ये शिरणारं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअरही पहिल्यांदा हेच करायला बघतं. इथे ते काम घरच्याच माणसाकडून करून घेतलंय. मामांनी ती फाइल डबल क्लिक केली होती. मला राग आलाय तो याचाच.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. अँटीव्हायरसला सगळं दिसत नाही, हे खरं आहे. काही मालवेअर विंडोज चालू असताना स्वतःला लपवतं. पण त्यावरचा उपायही डिफेंडरमध्येच आहे: विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा, तिथे ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि नेहमीचं विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटांत. काय सापडलं ते ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त दिसतं. दुसरं मत हवं असेल तर भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र 2017 पासून सफाईची साधनं फुकट देतं. त्यात आपल्या पुण्याच्या क्विक हीलचंही आहे.

मामांच्या कॉम्प्युटरवर ऑफलाइन स्कॅनमध्ये काही निघालं नाही. निघालं ते ब्राउझरमध्ये: ‘फुकट पीडीएफ’ करून देणारं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, ज्याला ‘सर्व वेबसाइटवरची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी दिलेली होती. म्हणजे बँकेचं पानसुद्धा. हेरगिरीची खरी जागा ही, आणि सात कलमांत एक्स्टेन्शनबद्दल अवाक्षर नाही. आजच आपापल्या ब्राउझरमधली एक्स्टेन्शनची यादी उघडा. जे आपण टाकलेलं आठवत नाही ते काढा. वेबसाइटना दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानग्याही ब्राउझरच्या सेटिंगमध्ये तपासा. कोपऱ्यात ‘तुम्हाला 5 व्हायरस सापडले’ असं येतं ते बहुधा या परवानग्यांमुळेच.

पाचवं, दोन-तीन अँटीव्हायरस एकदम टाका: नको, ते एकमेकांच्या पायात येतात. सहावं, स्लो झाला म्हणजे व्हायरस: बहुतेकदा जुनी हार्ड डिस्क किंवा अपुरी मेमरी.

राहिला सातवा मुद्दा, तो नंबर. मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगतं की त्यांच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. कुणी आधीच त्या नंबरवर फोन करून रिमोटचं, म्हणजे दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप टाकून घेतलं असेल, तर आधी वायफाय बंद करा, मग ते ॲप काढा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. ईमेलचा आधी, कारण बाकीचे त्यावरूनच बदलता येतात. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त.