कासच्या सड्यावर लाल एसटीने

गेल्या सप्टेंबरातल्या एका सोमवारी रात्री मी आणि माझी आई मुंबई सेंट्रलहून एसटीने साताऱ्याला निघालो, पहाटे स्थानकावर चहा घेतला, बामणोलीकडे जाणारी पहिली गाडी धरून कासच्या पठारावर उतरलो, दिवसभर चाललो आणि त्याच मार्गाने घरी परतलो. आईचे वय ७७ आहे. तिचे माहेर साताऱ्याचे, पण तिच्या लहानपणी कास म्हणजे शहराला पाणी पुरवणारा तलाव एवढीच त्या नावाची ओळख होती. पठारावर फुले पाहायला कोणी मुद्दाम जात नसे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे आणि महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्धे तिकीट आहे. परतल्यावर ज्यांना ज्यांना हे सांगितले, त्यांतल्या जवळपास प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला : "गाडी का नाही केली?" त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे, असे मला तेव्हापासून वाटत आहे.

कासला जाऊन आलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तिथली जमीन नीट पाहिलेली नसते, म्हणून आधी जमिनीविषयी. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरचे हे पठार म्हणजे काळ्या बेसॉल्टवर बसलेले जांभ्याचे झाकण आहे. कातळ इतका सलग आणि कठीण आहे की मोठ्या झाडांना मूळ रोवायला जागाच मिळत नाही. पठाराच्या कडा उतरू लागल्या की मात्र दाट जंगल सुरू होते. कातळावरची माती काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढीही जाड नाही. ब्रिटनमधील मूर या उघड्या, वाऱ्याने झोडपलेल्या माळांची छायाचित्रे पाहिली की मला आपले सडेच, म्हणजे अशी उघडी कातळी पठारे, आठवतात, परंतु दोन्हींची घडण अगदी वेगळी आहे. तिथे वनस्पतींचे अवशेष पूर्ण न कुजता शतकानुशतके साचत गेले आणि त्यांचा पीट नावाचा ओला, आम्लधर्मी थर तयार झाला. आपल्याकडे पावसाचे चार महिने पाणीच पाणी आणि उरलेला बहुतेक काळ तापलेला दगड. तरीही एक वनस्पती दोन्हीकडे आढळते, ती म्हणजे दवबिंदू. तिच्या जाती निराळ्या आहेत, पण दोन्हीकडे तिचे कारण एकच आहे : जमिनीतून पोषण फारसे मिळत नाही, म्हणून ती पानांवरच्या चिकट केसांनी कीटक पकडते. कासला तिच्या जोडीला सीतेची आसवे असतात. त्या नाजूक निळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे पाहून लोक हरखून जातात, पण त्या फुलांखाली, ओल्या मातीत, सूक्ष्म जीवांना आत ओढून घेणाऱ्या बारीक पिशव्या आहेत हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. आईला मी ते सांगितले तेव्हा ती बराच वेळ वाकून पाहत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे एवढंसं झाड, पण कुणाच्या जिवावर जगायचं हे त्यानं ठरवून टाकलंय."

या पठारावरून सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जातींची नोंद झाली आहे, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत कास आहे. मात्र माझ्या चिंतेचे मूळ त्या पेरभर मातीत आहे. तिच्यातच पुढच्या वर्षीच्या तेरड्याचे आणि सोनकीचे बी पडलेले असते, तिच्यातच अनेक वनस्पतींचे कंद आठ महिने दडी मारून बसलेले असतात. छायाचित्रासाठी वाट सोडून चार पावले आत टाकली की ओली माती बुटाखाली दबते, सुटी होते आणि पुढच्या सरीबरोबर वाहून जाते. खाली उरतो तो कातळ. रस्त्याकडेला चारचाकी एक चाक गवतात घालून उभी केली की तेच, पण कितीतरी पटींनी.

म्हणूनच कासची तब्येत किती माणसे येतात यावर जेवढी अवलंबून आहे, तेवढीच ती माणसे कशी येतात यावरही आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. संख्येचा विचार झालेला आहे : हंगामात ऑनलाइन नोंदणी असते, दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा घातली गेली, आसपासच्या गावांच्या समित्या पठाराची देखरेख करतात आणि गावातलीच मुले वाट सोडणाऱ्यांना शिट्टी वाजवून मागे बोलावतात. ही मुले दिवसभर पावसात उभी असतात, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. पण ३००० माणसे चौघांच्या हिशेबाने मोटारींतून आली तर ७५० मोटारी होतात, आणि एका एसटीत चाळीसहून अधिक माणसे बसतात. साताऱ्याहून कासकडे चढणाऱ्या यवतेश्वरच्या अरुंद घाटावर शनिवार-रविवारी जी रांग लागते, ती फुलांची नसून मोटारींची आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच मोटारी आपल्या मुंबई-पुण्याच्या आहेत.

बसमध्ये आमच्या शेजारी बामणोलीच्या बाजूच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांचा मुलगा मशीद बंदरला माथाडी कामगार आहे. घाट चढताना त्या आईला एका बाजूचे कण्हेर धरणाचे आणि दुसऱ्या बाजूचे उरमोडीचे पाणी दाखवत होत्या. आम्ही फुले पाहायला आलो आहोत हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "आमची गुरं चरायची तवाबी फुलं यायची की. आता गुरं न्हाईत, गाड्या हायेत." चराईचा प्रश्न सोपा नाही. गुरे गवत खात, म्हणून बुटक्या फुलझाडांना ऊन मिळत असे, असे स्थानिक लोक सांगतात आणि काही अभ्यासकांचेही तसे मत आहे. पण मावशींनी जो फरक दाखवला तो मला मोटारीच्या काचेआड बसून ऐकायला मिळाला नसता.

एसटीने गेले की आणखी एक गोष्ट घडते. परतीची गाडी किती वाजता आहे हे वाहकाला विचारून आपण उतरतो आणि तोपर्यंतचा सगळा वेळ पठाराचा होतो. मोटारीने आलेली मंडळी तासाभरात छायाचित्रे काढून पुढच्या ठिकाणाकडे निघालेली मी पाहिली. आम्ही जुन्या राजमार्गाने आईच्या चालीने कुमुदिनी तलावापर्यंत गेलो, झालरीच्या पाकळ्यांची ती पांढरी फुले पाण्यावर उघडलेली पाहिली, वाटेत धुके उतरले तेव्हा ते विरेपर्यंत दगडावर बसून राहिलो, आणि पांढऱ्या गेंदाच्या फुलांतून वारा कसा सरकत जातो ते पाहिले. घाई करण्याचे साधनच आमच्याजवळ नव्हते.

ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे, ज्यांच्यासोबत तान्ही मुले आहेत, त्यांना मोटार लागेल हे मला मान्य आहे, आणि त्यांच्यासाठी वाट मोकळी ठेवायची असेल तर आपण धडधाकट माणसांनी बसमध्ये बसणे अधिकच आवश्यक आहे. गर्दीच्या दिवसांत वाहनतळापासून प्रवेशद्वारापर्यंत बस सोडण्याची पद्धत आहेच. तीच सोय खाली सातारा स्थानकापर्यंत आणावी, हंगामातल्या शनिवार-रविवारी इतरांच्या खासगी मोटारी शहरातच थांबवाव्यात आणि पठाराचे प्रवेशपत्र व एसटीचे तिकीट एकत्रच मिळावे, अशी माझी मागणी आहे. गावकऱ्यांचे उत्पन्न यामुळे बुडणार नाही. बसने आलेला माणूस दिवसभर थांबतो आणि पिठले-भाकरी तिथेच खातो.

यंदा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मधल्या वारी, मी आणि आई पुन्हा जाणार आहोत. रात्रीच्या गाडीचे आरक्षण एकत्रच करता यावे म्हणून ज्यांना यायचे असेल त्यांनी मला ऑगस्टअखेरपर्यंत कळवावे. पायांत घट्ट पकडीचे बूट, अंगावर रेनकोट आणि पाण्याची स्वतःची बाटली असावी; छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही.