डिस्क विमानाने नेल्या म्हणून फोटो खोटा?

नववीतल्या भाचीने विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावरचा एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा फोटो उचकटून काढला. खाली डिंकाचा पिवळा चौकोन तेवढा उरलाय. कारण काय, तर घरच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड: 'एम८७चा फोटो कॉम्प्युटरवर बनवलाय. खरा असता तर इंटरनेटच्या जमान्यात डेटा हार्ड डिस्कमध्ये भरून विमानाने का नेला? एका मुलीच्या प्रोग्रामची करामत. रंगही खोटा.' पोरीवर राग नाही. न वाचता हे पुढे ढकलणाऱ्या मोठ्यांवर आहे.

आधी त्या डिस्क. हा फोटो जिच्यातून आला, त्या एप्रिल २०१७च्या मोहिमेत आठ रेडिओ दुर्बिणींनी मिळून सुमारे ५ पेटाबाइट, म्हणजे ५० लाख जीबी, नोंदी जमवल्या. घरच्या १०० एमबीपीएस लाइनवरून एवढा डेटा रात्रंदिवस पाठवत राहिलात तरी १२ वर्षांहून जास्त लागतील. करून बघा गुणाकार. त्यात दुर्बिणी कुठे? चिलीच्या वाळवंटात, हवाईच्या डोंगरावर, दक्षिण ध्रुवावर. ध्रुवावर हिवाळाभर विमानं बंद, म्हणून तिथल्या डिस्क यायला डिसेंबर उजाडला. अमेरिकेत हेस्टॅक वेधशाळा आणि जर्मनीत बॉन इथे अणुघड्याळांच्या वेळेनुसार सगळ्या नोंदी जुळवल्या. त्यातून निघालेला डेटा मात्र नेटवरून सहज वाटता येईल इतका छोटा होता. तो आज सगळ्यांसाठी खुला आहे. यात लपवलं काय?

'कॉम्प्युटरवर बनवला'. गणिताने उभा केला, हे खरंच. पण संशोधकांचे चार गट वेगवेगळे बसले, जुलै २०१८पर्यंत एकमेकांची चित्रं त्यांनी पाहिली नाहीत. चौघांकडेही गोल कडं आलं, खालची बाजू जास्त उजळ. १० एप्रिल २०१९ला आलेल्या सहा शोधनिबंधांतला चौथा वाचा: भोक नसलेल्या भरीव चकतीचा, चाचणीसाठी मुद्दाम तयार केलेला डेटा याच पद्धतींना दिला, तेव्हा चकतीच आली, कडं आलं नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने याला उत्तर द्यावं.

एका मुलीचं काम? दोनशेहून जास्त जणांचं आहे, आणि हे एकटीचं नाही असं त्या 'मुली'ने, म्हणजे त्यांच्यातल्याच संशोधक केटी बाउमनने, स्वतःच सांगितलंय.

रंगाचं मात्र मान्य. १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. केशरी रंग तीव्रता कळावी म्हणून दिलाय. ही गोष्ट बातम्यांनी ठळक सांगायला हवी होती.

भाचीला म्हटलं, फोटो परत लाव, खाली 'रंग दिलेला आहे' असं लिही. आणि शेजारी त्याच कृष्णविवराचा, २०१८च्या निरीक्षणांचा फोटोही लाव. त्यात ग्रीनलंडची दुर्बीण नव्याने होती. उजळ भाग सरकलाय, कडं तेवढंच आहे.