‘पैसे घेऊन वाऱ्यावर सोडलं’ या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार.

दोन स्टार, आणि वर हा मथळा. वाचून आधी रागच आला, ते लपवत नाही. म्हणून दहा दिवस उत्तर दिलं नाही. मधल्या काळात तुमच्या दोन्ही सायकली उघडून पाहिल्या, तुमच्या जीपीएसमधला ट्रॅक उतरवून घेतला आणि आम्ही तुम्हाला दिलेला रूटचा कागद ओळ न ओळ वाचला. राग बराचसा तिथेच उतरला.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पुण्याचे हे दोघे मित्र जुलैमध्ये आमच्याकडून सायकली, तंबू, स्लीपिंग बॅगा आणि स्टोव्ह घेऊन मनालीहून स्पितीतल्या काझ्याला निघाले. वाट रोहतांग खिंड, छत्रू, बातल, चंद्रताल तलाव, कुंझुम खिंड अशी. आठ रात्री, सोबत गाईड नाही, मागे गाडी नाही. चंद्रतालहून त्यांना जीपने परत यावं लागलं. तक्रारी अशा: ब्रेक गेले, नाल्यात सामान भिजलं, अंधारात मुक्कामी पोहोचलो, गॅस पुरला नाही, फोन उचलला नाही. पूर्ण पैसे परत हवेत.

सगळ्यात मोठी चूक आमची आहे, आणि ती तुम्ही रिव्ह्यूत एका ओळीत उरकलीत. आमच्या कागदावर ‘छत्रू ते बातल, 4 तास’ असं लिहिलेलं होतं. तुम्ही 9:40 ला निघालात आणि बातलला पाच वाजता पोहोचलात. तिथे मुक्काम ठरलेला असताना पुढे का गेलात, हा प्रश्न मला पडला होता. मग खालची ओळ वाचली: ‘बातल ते चंद्रताल, दीड तास’. जुलैत साडेसातपर्यंत उजेड असतो. सव्वापाचला चहा पिऊन निघणाऱ्या माणसाने गणित बरोबरच केलं होतं, आकडे आम्ही चुकीचे दिले होते. पोहोचायला तुम्हाला 8:50 झाले.

हे आकडे आले कुठून, तर आमच्या मेकॅनिककडून. पोरगा इथलाच, त्याची फुप्फुसंही इथलीच. त्याने सप्टेंबरअखेर नाले आटल्यावर, पाण्याची बाटली सोडून सायकलवर काहीही न लादता हा पट्टा मारला, आणि मी ते आकडे तसेच कागदावर चढवले. तुमच्या सायकलवर 17 किलो सामान होतं. मागच्या आठवड्यात तेवढंच वजन बांधून मी स्वतः छत्रूहून निघालो. बातलला पोहोचायला 7 तास 10 मिनिटं लागली, त्यात एक पंक्चर. शेवटच्या टप्प्यात गोट्यांवरून सायकल ढकलताना तुमचा रिव्ह्यू आठवत होता.

वाऱ्यावर सोडलं, हे मात्र मान्य नाही. गाईड नाही म्हणजे किती वाजता निघायचं, कुठे थांबायचं, कुठून मागे फिरायचं, हे तुम्ही ठरवायचं. लोक आमच्याकडे त्यासाठीच येतात. पण ठरवायला जी माहिती लागते तिचे पैसे आम्ही घेतो. नुसती सायकल मनालीत गल्लोगल्ली भाड्याने मिळते. त्यामुळे माहिती चुकली तिथे भरपाई आमची. माहिती हातात असून वेगळं ठरवलंत, तिथे नाही.

नाल्याचं प्रकरण या दोन्हींच्या मध्ये येतं. छत्रू आणि बातलच्या मधल्या छोटा धाराच्या पुढचा नाला कागदावर ‘घोटाभर पाणी’ आणि प्रत्यक्षात मांडीपर्यंत, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही खरं आहे. वरचा बर्फ उन्हाने वितळतो, ते पाणी खाली येईपर्यंत दुपार होते. पहाटे चप्पल घालून ओलांडता येणारा नाला तीन-चार वाजता माणसाला ओढतो. ‘नाले सकाळीच पार करा’ ही सूचना आमच्या कागदावर आहे, पण पाचव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. तिथे असून काय उपयोग? आता ती पहिल्या पानावर लाल अक्षरात आहे, आणि छत्रूहून पहाटे साडेपाचला निघा असं स्पष्ट लिहिलंय.

ब्रेकबद्दल. मागचे पॅड रोहतांग उतरतानाच संपले म्हणालात. सायकल उघडली तेव्हा जुन्या पॅडचा नुसता पत्रा टूल पाऊचमध्ये सापडला आणि रोटरवर, म्हणजे पॅड जिला धरतात त्या चकतीवर, चर पडलेले दिसले. सायकल देताना पॅड नवे होते, फोटो आहे. पण ते रेझिनचे होते. रेझिन मऊ असतं, आवाज करत नाही, कोरड्या रस्त्यावर छान चालतं. पावसाळी चिखलात वाळू बसली की एका उतारात त्याचा भुगा होतो. रोहतांगची पलीकडची, ग्रामफूकडे उतरणारी बाजू जुलैत कशी असते हे आम्हाला ठाऊक आहे. अटल बोगदा झाल्यापासून ट्रक-बस तिकडून जातात, म्हणून सायकली आम्ही मुद्दाम जुन्या रस्त्याने वरून पाठवतो. मग पॅड सिंटर्डचे, म्हणजे धातूच्या दाबलेल्या भुकटीचे, हवे होते आणि जादा जोडी एक नाही, दोन. आता तसंच देतो. तुम्ही रस्त्याकडेला बसून ग्रामफूच्या आधी स्वतः पॅड बदललेत, याचं आमच्या मेकॅनिकला फार कौतुक वाटलं.

गॅसची तक्रार मात्र कबूल नाही. चंद्रतालच्या उंचीवर पाणी सुमारे 86 अंशांनाच उकळतं. भांड्यात खळखळ दिसते, डाळ तशीच राहते आणि गॅस संपतो. इथे घरोघरी कुकर असतो तो त्यासाठीच. आमच्या यादीत पोहे, सत्तू, मॅगी आहे. खिचडीचं सामान तुम्ही घरून आणलंत. (मी मूळचा वाईचा. इथे आलो त्या पहिल्या वर्षी मीही बातलच्या पुढे मुगाची खिचडी लावली होती. तासभर ढवळली, तरी दाताखाली कचकच.)

आता उंचीचं. ‘आम्हाला एवढ्या वर पाठवलं’ असं लिहिलंय. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर आहे, मनालीत तुम्ही सायकलवर बसता तेव्हाच त्याच्या चारशे मीटर वर असता. तीन हजारांच्या पुढे झोपायची उंची रोज पाचशे मीटरच्या आसपासच वाढवावी, असं डॉक्टर सांगतात. म्हणून आमच्या आराखड्यात रोहतांगच्या अलीकडे मढीला दोन रात्री आणि बातलला एक आहे. मढीची दुसरी रात्र रजा कमी म्हणून तुम्ही माझ्या दुकानात बसून गाळलीत. मी दोनदा नको म्हणालो आणि तिसऱ्यांदा ‘बघा बुवा’ म्हणालो. बातलची रात्र आमच्या चुकीच्या आकड्यांनी गेली. सव्वाचार हजारांवर डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, त्यात आश्चर्य नव्हतं. सकाळी कुंझुमकडे, म्हणजे आणखी तीनशे मीटर वर, न जाता खाली उतरलात हे योग्यच केलंत. तुम्ही त्याला ‘ट्रिप फसली’ म्हणता, मी म्हणणार नाही.

फोन: नेटवर्कमध्ये आल्यावर तुम्ही दोनदा लावलात, तेव्हा मी सायकली धूत होतो. 40 मिनिटांनी परत केला. दुकानात दुसरा माणूस फोनवर असायला हवा होता.

पैशांचं असं करतो. माणशी 19,500 पैकी न वापरलेल्या चार दिवसांचं भाडं परत. चंद्रतालहून मनालीपर्यंतच्या जीपचे पूर्ण पैसे आमच्याकडून, कारण त्या रात्रीला आमचा कागद कारणीभूत होता. रोटरचा खर्च तुमच्या डिपॉझिटमधून कापला होता, तोही परत. नाल्यात भिजलेल्या कॅमेऱ्याचे पैसे मात्र देणार नाही. पॅनियरचं, म्हणजे सायकलला अडकवायच्या सामानाच्या पिशवीचं, तोंड तीनदा गुंडाळून बंद करायचं हे मी तुम्हाला करून दाखवलं होतं आणि तुमच्याकडूनही करून घेतलं होतं. पूर्ण रक्कमही परत करणार नाही. मथळा बदला असं सांगत नाही, तो तुमचा आहे.

बँकेचा नंबर मेसेज करा, दोन दिवसांत पैसे जमा होतील. सोबत घरचा पत्ताही द्या. डाव्या पॅनियरच्या तळाशी तुमचा स्टीलचा डबा राहिलाय. आत मेतकूट आहे, भिजलेलं नाही.