फ्लोटला सुतळी बांधली कोणी?

परवा रात्री पावणेदोनला वॉचमनदादांनी बेल वाजवली. "ताई, खाली बेसमेंटमध्ये पाणी भरलंय, गाडी काढा." तशीच अनवाणी धावत खाली गेले, तर जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या पाण्यात. माझ्या अॅक्टिव्हाचा सायलेन्सर दिसत नव्हता. वरच्या मजल्यावरच्या आजोबांची सायकल आडवी पडली होती, नुसतं हँडल वर. मी एक पाय पाण्यात टाकला आणि दादा ओरडले, "ताई, मेन चालू आहे!" पंपाचं पॅनेल त्याच बेसमेंटच्या भिंतीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवलंय. पाणी त्याच्यापर्यंत पोचलं होतं. काय झालं असतं याचा विचार करून अजून अंगावर काटा येतो.

आणि सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज काय? "यंदा पाऊसच फार आहे." दुसरा, "गंगापूर धरणातून पाणी सोडलंय ना." अहो, गोदावरी कुठे आणि आपलं नाशिकचं इंदिरानगर कुठे! 2016 ला, 2019 ला गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीलाच, पूर आला, सराफ बाजारात पाणी शिरलं, तिथे नदीच आत आली होती. आपल्या गेटपर्यंत जवळची नासर्डी नदीसुद्धा कधी आलेली नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघून आपल्या बेसमेंटचा हिशोब लावू नका.

आपलं पाणी दोन वाटांनी येतं, आणि दोन्ही वाटा सगळ्यांना माहीत आहेत. एक रॅम्प. साधारण सहा मीटर रुंद, पंधरा मीटर लांब, म्हणजे 90 चौरस मीटर उघडा उतार. 50 मिलिमीटर पाऊस पडला की नुसत्या रॅम्पवरून साडेचार हजार लिटर पाणी खाली. ते अडवायला वरच्या तोंडाशी जाळीचं आडवं गटार होतं. होतं! गेल्या वर्षी पेव्हर ब्लॉक बसवताना मिस्त्रीने त्यात सिमेंटचा माल ढकलून ते बुजवलं. मी तेव्हाच बोलले होते. "बघू," म्हणाले कमिटीवाले.

दुसरी वाट भिंतींची. नाशिकची जमीन कशी आहे हे इथे विहीर खणलेल्या कोणालाही विचारा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. पाणी मुरतं, दगडावर येऊन थांबतं आणि आडवं सरकायला लागतं. तिथेच आपण खड्डा करून गाड्या लावतो. म्हणून पाऊस उघडल्यावरही चार-चार दिवस कॉलमच्या सांध्यातून पाणी पाझरत राहतं. हे थांबवायला बाहेरून वॉटरप्रूफिंग नीट लागतं, आणि तरी जे आत येईल ते उपसायला पंप लागतो. पंप ही चैन नाही हो, त्याच्याशिवाय बेसमेंट चालतच नाही.

तर त्या पंपाची गोष्ट. दुपारी पाणी उतरल्यावर बेसमेंटमधलं पाणी जिथे जमतं आणि पंप जिथून उपसतो, त्या खड्ड्याचं झाकण मी स्वतः उघडायला लावलं. आत गुटख्याच्या पुड्या, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, बोटभर गाळ. आणि फ्लोटचा गोळा, जो पाण्याबरोबर वर यायचा आणि मोटर चालू करायचा, तो सुतळीने पाइपाला खाली बांधून टाकलेला! पक्की दुहेरी गाठ. विचारलं तर म्हणे, "मोटर सारखी चालू व्हायची, कॉमनचं लाइट बिल वाढत होतं, म्हणून बांधायला सांगितलं." बिल! माझ्या एकटीच्या गाडीच्या दुरुस्तीत ती मोटर किती महिने चालली असती? लिफ्टच्या खड्ड्यात पाणी गेलं, त्याचं काय? पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण त्याच फरशीच्या पातळीला आहे, घरात लहान मुलं आहेत, त्याचं काय?

सकाळी भाड्याने मड पंप आणला. त्याचा पाइप सोडला गेटच्या कोपऱ्यात. दोन तास तो पंप धडधडत होता आणि तेच पाणी रॅम्पवरून परत खाली येत होतं. दोन तास! शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, तेव्हा पाइप रस्त्यावरच्या पावसाळी गटारात गेला.

काय करायचं ते काही अवघड नाही. दोन पंप, एक बंद पडला तर दुसरा. लाइनला एनआरव्ही, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, म्हणजे पाइपातलं पाणी परत खड्ड्यात पडणार नाही. पॅनेल वर, तळमजल्यावर. जनरेटरची लाइन पंपालाही, कारण जोराचा पाऊस आला की आपल्याकडे लाइट जातेच. आणि मे महिन्यात खड्डा साफ करून, चार बादल्या ओतून, गोळा उचलतो का ते बघायचं. गेटच्या ग्रॅनाइटला पैसे होते, याला नाहीत?

बिल्डर म्हणतो बेसमेंटला ओल येणारच. पझेशनला अजून 5 वर्षं झालेली नाहीत. 2016 च्या रेरा कायद्याचं, म्हणजे बिल्डरवर लगाम ठेवणाऱ्या कायद्याचं, कलम 14(3) सांगतं की पझेशनपासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने 30 दिवसांत, पैसे न घेता, तो दुरुस्त करायचा. आपल्या कमिटीने आजवर त्याला एक साधं पत्र लिहिलेलं नाही. एक पत्र!

सुतळी मी कापली आहे आणि गाठीसकट ठेवून दिली आहे. रविवारच्या मीटिंगला ती टेबलावर ठेवणार, आणि पत्राचा मसुदाही मीच लिहून आणणार. सह्या तेवढ्या करा.