तीन लाख चाळीस

काल संध्याकाळी मी सायकलच्या दुकानात तीन लाखांचा निर्णय घ्यायला गेलो आणि दुसऱ्याच्या पंक्चरचे चाळीस रुपये भरून परत आलो. तीन लाखांचं दुःख नाही, ते माझ्याकडे नव्हतेच. चाळीस रुपये होते.

टाइम ट्रायलची, म्हणजे एकट्यानं घड्याळाविरुद्ध पळवायची सायकल घ्यायची, हे वर्षभर ठरलेलं आहे. गोव्याला मिरामारच्या हाफ आयर्नमॅन शर्यतीत ९० किलोमीटर सायकल असते. (पोहणं १.९ आणि पळणं २१.१, पण त्यासाठी कुणाच्या दुकानात बसावं लागत नाही.) अडलंय ते एवढ्यावरच, की कंपनीतून जुळून आलेली तयार सायकल घ्यायची, की नुसता फ्रेमसेट, म्हणजे फ्रेम आणि पुढचा चिमटा, घेऊन बाकीचं एकेक जमवत बसायचं?

"सर, तयारच घ्या, स्वस्त पडते," दुकानदार म्हणाला. पडते, मान्य. पण तयार सायकलीत फ्रेम अशी देतात की बघत राहावं, आणि चाकांच्या बाबतीत हात आखडता. शिवाय क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७२.५ मिलिमीटरचा. माझी उंची पाच फूट चार इंच. गुडघा छातीला लागतो.

मन माझं फ्रेमसेटकडे. स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्रीनं १९९३ साली घरी बनवलेल्या सायकलवर तासाभरात ५१.५९६ किलोमीटर मारून विश्वविक्रम केला होता. त्या सायकलीत चक्क वॉशिंग मशीनचं बेअरिंग होतं. सहाच दिवसांत ख्रिस बोर्डमननं तो विक्रम मोडला, पण तो भाग मी घरी सांगितलेला नाही. बेअरिंगचा सांगितला, तेव्हापासून बायको मागच्या बाल्कनीला कडी लावते.

तर दुकानदारानं छताच्या हुकाला टांगलेला फ्रेमसेट दाखवला. काळा कुळकुळीत कार्बन. मी श्वास रोखून बघतोय, तोच त्याच्या पुढच्या टोकाला कुणीतरी मेथीची पिशवी अडकवली.

"धरायला अवघड होतंय हो," एक काका म्हणाले. नातीच्या सायकलचं पंक्चर काढायला आले होते. "केवढ्याला हा सांगाडा?"

दुकानदारानं आकडा सांगितला.

"चाकं?"

"वेगळी."

"ब्रेक? सीट?"

"वेगळं."

"म्हणजे मंगल कार्यालयाचं भाडं भरलं. आचारी, वाढपी, भटजी तुम्ही आणायचे."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी त्यांना एरोडायनॅमिक्स, म्हणजे वारा कापायचं शास्त्र, समजावायला गेलो. म्हटलं, काका, १९८९ ला ग्रेग लेमाँडनं तीन हजारांवर किलोमीटरची टूर द फ्रान्स शेवटच्या दिवशी फक्त ८ सेकंदांनी जिंकली. हँडलला असे पुढे आलेले दांडे लावले होते म्हणून.

"हरला कोण?"

"लॉराँ फिन्याँ. त्याला दांडे नव्हते, हेल्मेट नव्हतं, मागे केसांचा बुचडा वाऱ्यावर उडत होता."

काका विचारात पडले. मला वाटलं, पटलं.

"मग त्यानं केस कापायचे. शंभर रुपयांत काम झालं असतं." मग माझ्या डोक्याकडे सावकाश बघत, "तुमचा तो खर्च वाचलाय."

पंक्चर काढणारा पोरगा हसला. दुकानदार खोकला, म्हणजे तोही हसलाच.

"नव्वद किलोमीटरमध्ये पाच मिनिटं वाचतील," मी चिडून म्हटलं. हा माझाच हिशोब, फार तपासू नये.

"आणि त्या पाच मिनिटांचं काय करणार?"

याला उत्तर नाही. काल रात्री दोनपर्यंत जागून शोधलं, तरी नाही. मुळात या वयात पहाटे पाचला कात्रजच्या रस्त्यावर ते दांडे धरून ओणवं व्हायचं. गियर बोटाशी, ब्रेक हातभर लांब, आणि कुत्रं नेमकं समोर. वर फ्रेमसेट घेतला तर बॉटम ब्रॅकेट कुठला बसेल हे देवाला ठाऊक. कुणाचा आट्यांचा, कुणाचा ठोकून बसवायचा, ठोकायच्यातही पुन्हा चार मापं. पेडल मारायचा दांडा फिरला की झालं, एवढंच त्याचं काम! सीटपोस्ट त्या एकाच फ्रेमचा, मोडला की बसा महिनाभर वाट बघत. आमचे पैसे घेताना मात्र सगळ्यांचं माप एकच.

तेवढ्यात पंक्चर झालं. काकांनी पाचशेची नोट काढली. सुट्टे नव्हते. फोन घरी विसरलेला.

"यांच्या बिलात धरा ना," काका म्हणाले. "तीन लाखांत चाळीस काय दिसणारेत!"

पिशवी काढून, सायकलची घंटी दोनदा वाजवून बघून ते गेले. मी फोन काढला, चाळीस भरले. दुकानातल्या त्या डब्यानं मोठ्या आवाजात पेठेला ऐकवलं, "चाळीस रुपये प्राप्त हुए."

"मग सर, काय करायचं?" दुकानदार.

"आधी त्या फ्रेमवरचं मेथीचं पान काढा," मी म्हटलं.