खुलासा : थरथरणारं स्टिअरिंग खड्डा ओळखत नाही

‘नव्या गाडीचं स्टिअरिंग थरथरलं की पुढे खड्डा आहे असं समजा’ हा पावसाळ्यात मुंबईत फिरणारा मेसेज चुकीचा आहे. बहुतेक गाड्यांत ही थरथर लेन सुटल्याची सूचना असते. आरशामागचा कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे वाचतो. इंडिकेटर न देता चाक पट्ट्यावर गेलं की स्टिअरिंगमधली छोटी मोटर एका बाजूला जड असलेलं वजन फिरवते. काही गाड्यांत त्याऐवजी सीटची डावी किंवा उजवी बाजू थरथरते, म्हणजे धोक्याची दिशा न बघताच कळते.

पट्टे पुसलेले, पाण्याखाली गेलेले किंवा काच चिखलाने माखलेली असेल, तर कॅमेरा आंधळाच. शिवाय ही यंत्रणा साधारण ताशी ६० किलोमीटरच्या पुढेच जागी होते. सायनच्या कोंडीत तिची वाट बघू नका!

इंडिकेटर दिल्यावरही स्टिअरिंग हलत असेल, तर तो इशारा नसून बिघाड असू शकतो. ताशी ८०-१०० ला सतत हलत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग, म्हणजे चाकांच्या वजनाचा समतोल, तपासा. फक्त ब्रेक दाबताना हलत असेल तर ब्रेक डिस्क.